गावाचं पत्रक काढताय? आधी वाचणारा ठरवा

‘सगळ्यांसाठी’ म्हणून काढलेलं गावकीचं पत्रक बहुधा कुणीच धड वाचत नाही. कोकणातलं गाव घ्या. वाडीत राहणाऱ्या वहिनींना हवं असतं ते नळाला पाणी कधी येणार, एसटीची वेळ बदलली का, रेशन आलं का. मुंबईतल्या चाकरमान्याला यातलं काहीच कामाचं नाही. त्याला पालखी आपल्या वाडीत कुठल्या दिवशी येणार हे कळायला हवं, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे कुठले कागद न्यायचे तेही. आणि वेळेत. रेल्वेचं आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी खुलं होतं. म्हणजे शिमग्याच्या तारखा निदान अडीच महिने अगोदर त्याच्या हातात पडायला हव्यात.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक खराखुरा माणूस डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक मजकुराला विचारा: हे वाचून तो काय करेल? उत्तर सुचलं नाही, तर मजकूर बाहेर. सत्काराचे फोटो इथेच गळतात. थोडी नाराजी पत्करा.

दोन्ही वाचक हवेतच असतील तर सरमिसळ करू नका. १८३२ साली सुरू झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. तसंच एक पान वाडीचं, एक चाकरमान्यांचं. वाडीचं मोठ्या टायपात छापून किराणा दुकानात आणि एसटी थांब्यावर लावा. दुसरं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.