‘पेन पॉइंट’ म्हणजे नेमकं काय? हा शब्द वापरताना या चुका टाळा

‘कस्टमरचे पेन पॉइंट काय आहेत?’ असं मिटिंगमध्ये कोणी विचारलं की फळ्यावर भराभर यादी तयार होते. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी पेन पॉइंट नसतातच. ग्राहकाला किंवा काम करणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा होणारा त्रास, एवढाच या शब्दाचा अर्थ. आपण ज्याला ‘नेहमीचं दुखणं’ म्हणतो, तेच.

यातला ‘पुन्हा पुन्हा’ हा भागच जास्त विसरला जातो. सर्व्हर एका दुपारी बंद पडला, तर तो बिघाड. दर महिनाअखेरीला, नेमक्या बिलं काढायच्या वेळी तो रखडत असेल, तर तो पेन पॉइंट. आयटी सेवांमधल्या ‘आयटिल’ पद्धतीत असाच एक भेद करतात: झालेला खोळंबा म्हणजे ‘इन्सिडेंट’ आणि त्यामागचं कारण म्हणजे ‘प्रॉब्लेम’. सर्व्हर रीस्टार्ट केला की खोळंबा मिटतो, पण कारण तसंच राहिलं तर पुढच्या महिनाअखेरीला तोच त्रास पुन्हा.

दुसरी चूक मला जास्त घातक वाटते. त्रासाच्या जागी आपण आपल्या मनातला उपाय लिहून टाकतो. ‘आपलं ॲप नाही, हा ग्राहकांचा पेन पॉइंट आहे.’ ॲप नाही म्हणून कोणाला दुखत नाही. ऑर्डर कुठवर आली हे विचारायला दर वेळी फोन करावा लागतो आणि तो कोणी उचलत नाही, हे दुखतं. त्रास असा लिहिला की कदाचित एका मेसेजनेही भागेल, हे लक्षात येतं. वाक्यात ‘अमुक नाही’ किंवा ‘अमुक हवं’ आलं, की ते पुन्हा लिहा.

दुखणं कोणाचं, हेही तपासा. ‘ग्राहक फॉर्म अर्धवट भरतात’ ही तक्रार आपली. तीच माहिती तीन ठिकाणी भरावी लागते, हा त्रास ग्राहकाचा.

दुखणं सापडल्यावर पहिल्याच कारणाशी थांबू नका. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत समजावताना बंद पडलेल्या यंत्राचं उदाहरण दिलं होतं. यंत्र का थांबलं? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला वंगण पुरलं नाही. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. तो का झिजला? गाळणी नसल्यामुळे धातूचा चुरा आत गेला. फ्यूज बदलून थांबलो असतो, तर यंत्र पुन्हा बंद पडलं असतं.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. ‘पेन’ वाचल्यावर आपल्याला आधी लेखणीच आठवते, त्यामुळे नुसतं ‘पेन पॉइंट’ लिहिलं तर नवखा वाचक अडखळतो. पहिल्यांदा वापरताना सोबत ‘नेहमीचं दुखणं’ किंवा ‘रोजची अडचण’ लिहावं. काहीजण ‘दुखरी नस’ लिहितात, ते मला पटत नाही. दुखरी नस ही माणसाची हळवी जागा, दुसऱ्याने बोट ठेवावं अशी. तिच्यात वारंवार होणाऱ्या त्रासाचा अर्थ येत नाही.

यादीतलं प्रत्येक वाक्य कोणाला, कधी, किती वेळा आणि सध्या ते कसं निभावतात, एवढं सांगणारं असावं. ‘रिपोर्टिंग स्लो आहे’ याऐवजी: ‘शाखाप्रमुखांना दर सोमवारी चार फाइलींमधले आकडे हाताने जुळवावे लागतात, म्हणून ते रविवारी रात्रीच कामाला बसतात.’