महापेत बिल्ड, कळव्यात बिल्ड: हॅश एकच हवा

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचा डेटा-लॉगर बसवलेला आहे. तिथून अधूनमधून फोन येतो, "मॅडम, रिपोर्टमध्ये एवढा एक आकडा वाढवून द्या." बदल दोन ओळींचा असतो. पण त्या डब्यात चालणारं सॉफ्टवेअर जुन्या कंपायलरने, जुन्या लायब्ररीवर बांधलेलं आहे. नव्या लॅपटॉपवर बांधून दिलं तर त्या दोन ओळींबरोबर आणखी काय काय बदललं, हे छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणून माझा आग्रह आहे की बिल्डची, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारी फाइल बांधण्याची, सगळी मांडणी सोर्सच्या शेजारी, रिपोमध्येच (कोड ठेवायच्या गिटच्या फोल्डरमध्येच) असावी. आणि ती खरोखर तिथे आहे याचा पुरावा मी एकच मानते: दोन वेगळ्या मशीनवर बांधलेल्या फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे.

नवी मुलं म्हणतात, डॉकरफाइल आहे ना, म्हणजे बिल्डचं वातावरण कसं उभारायचं याची कृती. आहे, पण ती नीट वाचा. "फ्रॉम डेबियन:स्टेबल" मधला टॅग हलता आहे, काही महिन्यांनी त्याच नावाखाली वेगळी इमेज मिळते. खालच्या ओळीतलं "ॲप्ट-गेट अपडेट" त्या दिवशी मिररवर जे असेल ते उचलतं. डॉकरच हवं असेल तर टॅगऐवजी इमेजचा डायजेस्ट (तिचा हॅश) लिहा आणि ॲप्टला डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहातली एक ठरावीक तारीख द्या. बरंच काम भागतं.

मी गिक्स वापरते, सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारा पॅकेज मॅनेजर. पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनतं त्या सगळ्यांच्या हॅशवरून त्याची जागा ठरवायची, ही कल्पना २००३ साली सुरू झालेल्या निक्स या पॅकेज मॅनेजरची. २०१२ मध्ये ग्नू प्रकल्पात गिक्स त्याच पायावर उभं राहिलं. जीसीसी कंपायलरच्या दोन आवृत्त्या "/ग्नू/स्टोअर" मध्ये शेजारी शेजारी नांदतात, एक घेतल्याने दुसरी मोडत नाही.

कुठल्याही लिनक्सवर गिक्सच्या साइटवरची इन्स्टॉल स्क्रिप्ट रूट म्हणून चालवा. तयार बायनरी उतरवून घेऊ का, असं ती विचारते, तिथे हो म्हणा, नाहीतर लॅपटॉप तासन् तास कंपाइल करत बसेल. मग "गिक्स पुल", म्हणजे गिक्स ताजं करून घेणं. पहिल्या वेळी याला बराच वेळ लागतो, मधेच तोडू नका. डिस्कवर ऐसपैस जागा ठेवा.

आता रिपोच्या फोल्डरमध्ये जा. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं.

गिक्स शेल --एक्सपोर्ट-मॅनिफेस्ट जीसीसी-टूलचेन मेक गिट कोअरयुटिल्स टार जीझिप एसक्यूलाइट > मॅनिफेस्ट.एससीएम

गिक्स डिस्क्राइब -एफ चॅनेल्स > चॅनेल्स.एससीएम

पहिल्या फाइलमध्ये काय काय लागतं त्याची यादी आहे. दुसरीत गिक्सचा नेमका कमिट आहे, म्हणजे त्या यादीतल्या प्रत्येक नावाची आवृत्ती कुठली हे तिथे ठरतं. दोन्ही गिटमध्ये टाका. नुसता मॅनिफेस्ट ठेवून चॅनेल्सची फाइल विसरलात तर पुढच्या वर्षी त्याच नावांना नव्या आवृत्त्या मिळतील.

इथून पुढे बिल्ड नेहमी असा:

गिक्स टाइम-मशीन -सी चॅनेल्स.एससीएम -- शेल --कंटेनर -एम मॅनिफेस्ट.एससीएम -- मेक

"-सी" इथे कॅपिटल आहे. कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या बंद खोलीत, तुमच्या फाइलींपैकी फक्त चालू फोल्डर दिसतो, नेटवर्क बंद असतं. मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) गुपचूप इंटरनेटवरून काही ओढत असेल तर ती इथेच अडखळते, आणि मला हेच हवं असतं. लागणारी लायब्ररी यादीत घाला, कंटेनरला भोक पाडू नका.

एवढं करूनही हॅश पहिल्या फटक्यात बहुधा जुळत नाही. इथे घाई करू नका, खरं काम इथेच आहे. पावसात ट्रान्स-हार्बर रखडली की मी कळव्याला घरूनच बिल्ड काढते, महापेच्या ऑफिसात एक सहकारी काढतो, आणि फोनवर आम्ही "शा-२५६-सम" ची पहिली आठ अक्षरं एकमेकांना वाचून दाखवतो. जुळली नाहीत तर दोन्ही फाइली एका जागी आणून "डिफोस्कोप" चालवायचं. ते टारच्या आत, त्यातल्या बायनरीच्या आत शिरून फरक दाखवतं. बहुतेक वेळा तिथे एकीत "/होम/" ने सुरू होणारा एकाचा फोल्डर असतो, दुसरीत दुसऱ्याचा. डीबग माहितीत कंपायलर सोर्सचा पूर्ण पाथ लिहून ठेवतो. जीसीसीला "-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप" देऊन चालू फोल्डरच्या जागी नुसता टिंब लिहायला सांगा.

दुसरा नेहमीचा आरोपी म्हणजे वेळ. कोडमध्ये कुठेतरी "__डेट__" मॅक्रो असतो आणि प्रत्येक बिल्ड वेगळा होतो. त्यासाठी "सोर्स_डेट_इपॉक" हा व्हेरिएबल आहे, जीसीसी तो मानतो. मी तो मेकफाइलमध्येच एक्सपोर्ट करते आणि किंमत शेवटच्या गिट कमिटच्या वेळेवरून घेते (गिट लॉगचा "%सीटी" फॉरमॅट). वरच्या यादीत गिट म्हणूनच आहे. शेलमध्ये बाहेर एक्सपोर्ट केलेला व्हेरिएबल कंटेनरच्या आत पोचत नाही, "--प्रिझर्व्ह" ने नाव घेऊन तो आत न्यावा लागतो.

तिसरी गोष्ट क्रमाची. मेकफाइलमधल्या वाइल्डकार्डला (फाइलींची यादी आपोआप काढणाऱ्या फंक्शनला) सॉर्टमध्ये गुंडाळा. मेकच्या काही आवृत्त्या फाइली डिस्कवर सापडतील त्या क्रमाने देतात, लिंकिंगचा क्रम बदलतो, बायनरी बदलते. टारला "--सॉर्ट=नेम", ठरावीक "--एमटाइम" आणि ओनर-ग्रुप शून्य द्या. जीझिपला "-एन" द्या, म्हणजे ते मूळ फाइलचं नाव आणि वेळ आत लिहीत नाही.

आमच्याकडे दोन मशीनवर हॅश जुळल्याशिवाय रिलीज टॅग लागत नाही, आणि तो हॅश टॅगच्या संदेशात लिहिला जातो. रबाळ्याहून फोन आला की आधी तो टॅग काढून जसाच्या तसा बांधायचा, हॅश संदेशातल्याशी ताडायचा, मगच त्या दोन ओळींना हात लावायचा.