घरपट्टीच्या अर्जापासून पावतीपर्यंत: पालिकेच्या ऑनलाइन सेवांची सुगम्यता तपासायला शिकताना

पालिकेच्या संकेतस्थळाची सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांनाही ते वापरता येतं का हे, तपासायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा मुख्यपानापासून सुरुवात करतो. अक्षर लहान-मोठं करायची बटणं दिसली, गडद रंगसंगतीचा पर्याय दिसला की काम झाल्यासारखं वाटतं. पण ज्याला कमी दिसतं त्याने फोनवर अक्षर आधीच मोठं करून ठेवलेलं असतं. तो घरपट्टी भरायला आलेला असतो. म्हणून तपासायला एक पूर्ण काम निवडा: मिळकत शोधण्यापासून पावती उघडून वाचेपर्यंत, किंवा जन्मदाखल्याच्या अर्जापासून दाखला डाउनलोड होईपर्यंत. यातला एक टप्पा जरी अडला तरी त्या माणसाला शेवटी कोणाचं तरी बोट धरून नागरी सुविधा केंद्र गाठावं लागतं. आधीचे नऊ टप्पे किती चांगले होते, याचा त्याला काही उपयोग नसतो.

साधनांना खर्च नाही. विंडोजचा साधा लॅपटॉप, त्यावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम), क्रोम किंवा फायरफॉक्स, आणि एक अँड्रॉइड फोन, कारण टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर त्यात असतोच. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रणालीत मराठी आवाज आहे. तो कानाला यांत्रिक वाटतो, पण चाचणीला पुरतो. सुरुवातीचे काही दिवस चुका शोधू नका, नुसतं ऐकायला शिका. एच या कळीने मथळ्यांवरून पुढे जाता येतं, एफने फॉर्ममधल्या रकान्यांवरून, टीने तक्त्यांवरून. एनव्हीडीए कळ आणि एफ७ दाबलं की पानावरच्या दुव्यांची व मथळ्यांची यादी मिळते. 'टूल्स'मधला स्पीच व्ह्यूअर उघडा ठेवा; जे बोललं जातं ते तिथे लिहून येतं आणि अहवालात जसंच्या तसं चिकटवता येतं.

आता माउस बाजूला ठेवा आणि घरपट्टीचा फॉर्म टॅब कळीने चालून बघा. आपण कुठे आहोत हे प्रत्येक क्षणी दिसतंय का? अनेक ठिकाणी फोकसची चौकट (आपण ज्या रकान्यावर आहोत त्याभोवतीची रेघ) 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकलेली असते. ज्याच्या हाताला कंप आहे आणि जो कळफलकावरच काम करतो, त्याला मग काहीच सुचत नाही. मिळकत क्रमांक कुठे कुठे तीन-चार तुकड्यांत भरावा लागतो. तिथे प्रत्येक रकान्याला स्वतःचं लेबल, म्हणजे कोडमध्ये त्याला जोडलेलं नाव, हवं आणि सगळ्यांवर मिळून एक नाव हवं. नाहीतर स्क्रीन रीडर चार वेळा नुसतं 'एडिट, ब्लँक' म्हणतो. रकान्यात फिकट अक्षरांत दिलेला नमुना लेबलाची जागा घेऊ शकत नाही, कारण टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो. फिकटपणाचंही मोजमाप डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत आहे: साध्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ इतका अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट लागतो. राखाडीचा कोड ९९९९९९ असेल तर पांढऱ्यावर प्रमाण जेमतेम २.८५:१ भरतं, तोच ७६७६७६ केला की ४.५४:१ होतं आणि डिझाइनलाही धक्का लागत नाही.

पुढे येतो कॅप्चा, म्हणजे 'तुम्ही यंत्र नाही' हे सिद्ध करायला लावणारी चाचणी. बहुतेक अंध वापरकर्त्यांचा प्रवास इथेच थांबतो. वेडीवाकडी अक्षरं असलेल्या चित्राला आवाजाचा पर्याय दिला तर बऱ्याच जणांचं भागतं, पण दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्याचं भागत नाही. मोबाइलवर ओटीपी येणारच असेल, तर आमच्या मते कॅप्चा काढावा आणि सर्व्हरवर विनंत्यांची मर्यादा घालावी. ओटीपीचे सहा सुटे चौकोन हीसुद्धा कटकटच. एकच रकाना ठेवला की ऐकायला, चिकटवायला आणि दुरुस्त करायला सोपं जातं. सत्राची (लॉगिनची) मुदत संपत आली तर आधी इशारा हवा, मुदत वाढवायला किमान २० सेकंद हवेत आणि निदान दहा वेळा वाढवता यायला हवी. स्क्रीन रीडरने फॉर्म भरायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे ही चूक डोळस चाचणीत कधीच सापडत नाही.

मराठीचे म्हणून काही खास दोष आहेत आणि परदेशी अभ्यासक्रमात ते शिकवत नाहीत. पान मराठीत असूनही कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली असते. मग इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा भलताच वाचतो. एका ओळीची दुरुस्ती आहे: पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग' या गुणधर्माची किंमत 'एमआर' (मराठी) करा आणि मध्येच येणाऱ्या इंग्रजी उताऱ्याला 'ईएन' (इंग्रजी) द्या. दुसरा दोष जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली सूचना पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. ओळखायची रीत सोपी आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा; मराठीऐवजी रोमन अक्षरं दिसली तर फॉन्ट जुना आहे. पीडीएफलाही हीच परीक्षा घ्या. काही चिकटलंच नाही तर तो स्कॅन आहे; चिकटलं पण वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटली, तर युनिकोड असूनही पीडीएफ बनवताना क्रम बिघडलेला आहे. अशा ठिकाणी पीडीएफ दुरुस्त करत बसण्यापेक्षा तोच मजकूर साध्या वेबपानावर द्यायला सांगा. पावतीचंही तसंच: रक्कम, तारीख, पावती क्रमांक पडद्यावर मजकुरात दिसू द्या, पीडीएफ सोबत राहू द्या. तिसरा दोष ओळींच्या उंचीचा. पान २०० टक्के मोठं केलं की ठरावीक उंचीच्या बटणांत उकार आणि रफार छाटले जातात. इंग्रजीत तेच बटण नीट दिसतं, म्हणून चाचणी मराठी पानावरच करा.

खड्ड्यांची, कचऱ्याची तक्रार करायच्या अ‍ॅपमध्ये नकाशावर खूण सरकवणं आणि फोटो जोडणं सक्तीचं असेल, तर पत्ता लिहून देण्याचा पर्याय मागा. मदतीसाठी फक्त दूरध्वनी क्रमांक असेल तर कर्णबधिर नागरिक बाहेर राहतो. एसएमएस किंवा ईमेल हवाच.

अ‍ॅक्स किंवा वेव्हसारखी सुगम्यतेचे दोष आपोआप शोधणारी साधनं आधी चालवा, पण त्यांच्या हिरव्या निकालावर विसंबू नका. लेबल आहे एवढंच त्यांना कळतं. मिळकत क्रमांकाच्या रकान्याला 'टेक्स्टबॉक्स४' असं नाव दिलंय, हे माणसालाच ऐकून कळतं.

अहवालातली नोंद अशी असावी: 'मालमत्ता कर, मिळकत शोधा. एनव्हीडीए, क्रोम. टॅबने दुसऱ्या रकान्यावर गेल्यावर "एडिट, ब्लँक" ऐकू येतं. "गट क्रमांक, आवश्यक" ऐकू यायला हवं. डब्ल्यूसीएजी निकष १.३.१ आणि ४.१.२. लेबलचा फॉर आणि इनपुटचा आयडी जुळवा. परिणाम: काम पूर्ण होत नाही.' शेवटचं वाक्य विसरू नका. आधी काय दुरुस्त करायचं हे अधिकारी त्यावरूनच ठरवतो. पंचवीस पानांचा अहवाल फायलीत पडून राहतो, काम अडवणारे पाच दोष मात्र पुढच्या बैठकीत घेतले जातात.

कायद्याची बाजू थोडक्यात पण पक्की माहीत हवी. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, सरकारी संकेतस्थळांसाठी २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे जीआयजीडब्ल्यू ३.०, आणि भारतीय मानक आयएस १७८०२. या तत्त्वांमागे डब्ल्यूसीएजी २.१ची एए (मधली) पातळी आहे. तिच्यात ५० निकष येतात. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत असं सांगितलं, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. 'आम्ही उपकार म्हणून करतोय' असा सूर बैठकीत लागला तर या दोन तारखा सांगाव्यात.

काम कुठे मिळतं? पालिका संकेतस्थळ स्वतः क्वचितच बनवते. निविदा काढून कंपनीकडे देते. त्यामुळे चाचणीची नोकरी त्या कंपन्यांत किंवा लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांत असते. सर्वात मोठा फरक निविदेच्या मसुद्यात पडतो: 'संकेतस्थळ सुगम्य असावे' या वाक्याला अर्थ नाही, 'घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्मदाखला ही तीन कामं फक्त कळफलकावर आणि एनव्हीडीएसह मराठीत पूर्ण झाल्याशिवाय अंतिम देयक नाही' या वाक्याला आहे. पेमेंट गेटवेही त्यात नाव घेऊन लिहावा, नाहीतर 'ते आमचं नाही' हे उत्तर ठरलेलं. प्रमाणपत्र हवं असेल तर आयएएपी या सुगम्यता व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सीपीएसीसी परीक्षा आहे, १०० बहुपर्यायी प्रश्न, दोन तास. पण मुलाखतीत एका सेवेचा नीट केलेला अहवाल जास्त बोलतो. तो करताना रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एक-दोन व्यक्तींकडून तपासून घ्या आणि त्यांना त्या वेळेचं मानधन द्या; तुम्ही ज्या वाटेने फॉर्म भरता, त्या वाटेने ते जात नाहीत, आणि उरलेले दोष तिथेच सापडतात.