जुने ब्रिटिश गॉथिक भयपट पाहायचे कसे?

१९५० आणि १९६० च्या दशकांतले ब्रिटिश गॉथिक, म्हणजे जुने वाडे, शाप आणि भुताखेतांचे, भयपट प्रथमच पाहणारा आजचा प्रेक्षक बहुधा अर्ध्या तासात विचारतो, की यात घाबरण्यासारखे आहे तरी काय. प्रश्न रास्त आहे. मात्र दचकण्याच्या अपेक्षेने बसणाऱ्याच्या हाती या चित्रपटांतून फारसे लागत नाही. आख्यान तोंडपाठ असूनही कीर्तनाला जाणारा श्रोता ज्या वृत्तीने बसतो, त्या वृत्तीने येथे बसावे. ड्रॅक्युलाचे शेवटी काय होणार हे सर्वांना ठाऊक असते. पाहायची असते ती मांडणी. या मांडणीचे बळ माझ्या मते एकाच गोष्टीत आहे: कथेतल्या अशक्य प्रकाराला नटांपासून नेपथ्यकारापर्यंत प्रत्येकाने पूर्ण गांभीर्याने वागवलेले असते. कोणीही प्रेक्षकाला डोळा मारत नाही.

सुरुवात हॅमर या कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’पासून (१९५८) करावी. अमेरिकेत तो ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ या नावाने लागला, तेव्हा शोधताना दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. ब्रिटिश सेन्सॉरने त्या काळी असे चित्रपट सोळा वर्षांखालील मुलांना बंद असलेल्या ‘एक्स’ वर्गात घातले होते आणि तरीही त्यांना कात्री लावली होती. ‘ड्रॅक्युला’तील कापलेले काही तुकडे २०११ साली टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहातील आगीची झळ लागलेल्या रिळांमध्ये सापडले आणि पुढे ते पुन्हा जोडण्यात आले. ती पुनर्संस्कारित आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी. आंतरजालावर कोठेतरी चढवलेल्या फिक्या, पिवळट प्रतीवर या चित्रपटाचा निकाल लावू नये.

पाहण्यापूर्वी दूरचित्रवाणी संचाचे दोन पर्याय तपासावेत. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. आणि रंग भडक करणारी मांडणी काढून ‘सिनेमा’ ही मांडणी निवडावी. खोलीत अंधार हवा. हे सारे रंगासाठी करायचे. छायालेखक जॅक ॲशर याने ज्या कोपऱ्यांत दिव्याचे काहीच कारण नाही, तेथे निळा, हिरवा, जांभळट प्रकाश सोडलेला आहे. त्याआधीच्या हॉलिवूडच्या प्रसिद्ध राक्षसपटांची ओळख कृष्णधवल होती. येथे रक्त लाल दिसले, आणि १९५७-५८ मधल्या प्रेक्षकाला बसलेला धक्का बराचसा त्या लाल रंगाचा होता.

आता ‘ड्रॅक्युला’चा शेवट दोनदा पाहावा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा पीटर कुशिंगच्या अंगावर नजर ठेवून. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला व्हॅन हेल्सिंग झालेला कुशिंग लांबलचक मेजावरून धावत जातो, खिडकीच्या पडद्यावर झेप घेतो आणि आपल्या वजनाने तो खाली ओढतो. उन्हाचा पट्टा आत शिरतो आणि ड्रॅक्युलाचा पाय त्यात सापडतो. मग कुशिंग दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस तयार करतो आणि ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीला त्या उन्हात रेटत नेतो. मेणबत्तीदाण्यांची कल्पना स्वतः कुशिंगची होती. हाताची राख होते, चेहऱ्याची राख होते, उरते ती अंगठी. या साऱ्यात कुशिंगचा श्वास पाहा: तो खरोखर दमलेला, घाबरलेला, पण काम अर्धवट न टाकणारा माणूस दिसतो. लीबद्दल एवढेच ध्यानात घ्यावे, की जिन्याच्या माथ्यावर त्याची आकृती दिसते तेव्हा आपण राक्षसाची वाट पाहत असतो आणि खाली उतरतो तो अदबशीर, घाईत असलेला यजमान. पाहुण्याशी झालेल्या सुरुवातीच्या बोलण्यानंतर उरलेल्या चित्रपटात त्याच्या तोंडी जवळजवळ शब्दच नाहीत.

त्यानंतर एक वर्ष मागे जाऊन ‘द कर्स ऑफ फ्रँकनस्टाइन’ (१९५७) घ्यावा. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथाकार जिमी सँगस्टर आणि ॲशर ही मंडळी तीच. येथे खरा राक्षस बॅरन फ्रँकनस्टाइन आहे, आणि ते कळते कुशिंगच्या हातांवरून. प्रेताचे डोके उडवल्यावर तो रक्ताळलेला हात सहज कोटाला पुसतो, जणू शाईचा डाग लागला असावा. पुढे नको झालेल्या मोलकरणीला तो राक्षसाच्या खोलीत कोंडतो, आणि लगेच पुढच्या दृश्यात न्याहारीच्या टेबलावर शांतपणे मार्मालेड मागतो. हा सांधा मला चित्रपटातल्या कोणत्याही रक्तपातापेक्षा अधिक अंगावर येतो.

यानंतर भिंतींकडे पाहायला शिकावे. हॅमरचे काम थेम्स नदीकाठच्या ब्रे स्टुडिओत चाले. तेथे एक जुने निवासी घर होते आणि भोवती छोटे मंच. नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन एकाच दालनाचे खांब, जिने, दारे हलवून त्यातून दुसरे घर उभे करी. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर जॉन गिलिंग याने पाठोपाठ चित्रित केलेले ‘द प्लेग ऑफ द झॉम्बीज’ आणि ‘द रेप्टाइल’ (दोन्ही १९६६) लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहावेत. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे गाव दोन्हींत तेच आहे. पहिल्या रात्री ओळखीची झालेली गल्ली दुसऱ्या रात्री पुन्हा भेटते. काटकसरीतून आलेली ही पुनरुक्ती दोष ठरायला हवी होती, पण तिच्यामुळे हॅमरचे सारे चित्रपट एकाच शापित मुलखात घडतात असे वाटू लागते. रामसे बंधूंचे चित्रपट पाहत वाढलेल्या वाचकाला हा अनुभव नवा वाटू नये.

कानांनाही थोडे काम द्यावे. संगीतकार जेम्स बर्नार्डने ‘ड्रॅक्युला’ची मुख्य धून त्या नावाच्या तीन अक्षरांवर बेतली आहे, एकदा ते लक्षात आले की वाद्यवृंद नाव घेऊन हाक मारत असल्याचे ऐकू येते.

रंगांचा कंटाळा आला की कृष्णधवल शाखेकडे वळावे, आणि येथे मात्र मी घाई करू नका असे आवर्जून सांगेन. जॅक क्लेटनचा ‘द इनोसंट्स’ (१९६१) हेन्री जेम्सच्या कथेवर आधारलेला आहे. सुरुवातीला पडदा बराच वेळ काळाच राहतो आणि एका मुलीचे गाणे ऐकू येते. यंत्र बिघडले असे समजून रिमोटला हात लावू नये. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसला रुंद पडद्याच्या कडा नकोशा वाटत होत्या, म्हणून त्याने फिल्टर रंगवून त्या अंधारल्या. परिणामी मध्यभागी मेणबत्ती घेऊन चाललेली, मुलांची शिक्षिका झालेली डेबोरा कर पाहताना आपली नजर सारखी कडांकडे जाते. आणि भूत दिसते ते भर दिवसा, तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यांत, दूर, स्तब्ध उभे. ते ना धावून येते, ना किंचाळते. ते खरोखर आहे की शिक्षिकेच्या मनात आहे, याचा निर्णय चित्रपट देत नाही. पाहून झाल्यावर लगेच तो घेऊ नये आणि आंतरजालावरची स्पष्टीकरणेही वाचू नयेत.

‘नाइट ऑफ द डेमन’ (१९५७) घेताना लांबी पाहून घ्यावी, कारण अमेरिकेत त्याची बरीच कापलेली आवृत्ती लागली होती. दीड तासाहून थोडी अधिक लांब असलेली ब्रिटिश आवृत्ती निवडावी. त्यात अगदी आरंभीच राक्षस उघड दाखवला आहे. तो भाग सोसून पुढे जावे, कारण विस्तवाकडे उडू पाहणारा कागदाचा एक चिटोरा त्या राक्षसापेक्षा कितीतरी भीतिदायक आहे.

१९७० नंतरच्या हॅमरपटांनी सुरुवात करू नये. त्यांत उघडीनागडी दृश्ये वाढली आणि गांभीर्य पातळ झाले. ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ (१९५९) या नावाला भुलून मुंबई पाहायला बसणाऱ्यांनीही जरा थांबावे. तो फिशरचाच, पण ठगांवरचा चित्रपट आहे, आणि त्यातला हिंदुस्थान इंग्लंडात उभारलेला आहे. वसाहतवादी नजर कशी काम करते हे तपासायचे असेल तेव्हा, आणि हॅमरचे निदान चार-पाच चांगले चित्रपट पाहून झाल्यावरच, तो काढावा.