सकाळी स्टार्ट न होणारं जुनं जपानी डिझेल इंजिन: माझा अनुभव

डिचोलीतल्या आमच्या ट्रकाला बाहेरून आणलेलं जुनं इंजिन आहे. रात्रभर उभा राहिला की सकाळी नुसता स्टार्टर फिरायचा. एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नाही. बॅटरी, डिझेल फिल्टर बदलले, नोझल तपासले. जीव मेटाकुटीला आला.

टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, म्हणून तिथल्या बारीक भेगेतून गळती दिसेलच असं नाही, पण हवा आत शिरते आणि सकाळी इंजिनापर्यंत डिझेल नीट पोचत नाही. पंपाआधी पारदर्शक नळी जोडली, बुडबुडे दिसले. होज (रबरी नळी) क्लिपखालीच तडकलेला, बाहेरून कोरडा ठणठणीत! होज आणि तांब्याचे वॉशर नवे टाकले. मग फिल्टरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करून हातपंप मारला. फेस जाऊन सलग डिझेल आल्यावर, पंप मारत असतानाच स्क्रू आवळला. तसंच इंजेक्शन पंपावर (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा पंप) केलं. आता पहिल्याच सेल्फला उचलतो.