थंडरबर्डमध्ये हव्या असलेल्या सुधारणा: काय आधीच आहे, काय जुळवून घ्यावे आणि मागणी कशी नोंदवावी

मडगावचे सीए कार्यालय असो, कळंगुटचे गेस्ट हाऊस असो की वास्कोतला शिपिंग एजंट, थंडरबर्ड हा संगणकावरचा मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या मागण्या बहुतेक सारख्याच असतात. प्रोग्रॅम जड झाला आहे तो हलका करा. नवीन मेल वर दिसू द्या. पाठवलेला मेल मागे घेता येऊ द्या. मराठी नीट दिसू द्या. जोडपत्र विसरले तर सांगा. यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी प्रोग्रॅममध्ये आधीपासून आहेत, फक्त सहज सापडत नाहीत. काही गोष्टी आडमार्गाने साधतात. जे खरोखरच नाही, ते मागावे लागते आणि मागण्याचीही एक रीत आहे. म्हणून आपली यादी आधी या तीन भागांत विभागा.

पुढे मेनूंची नावे इंग्रजी इंटरफेसप्रमाणे दिली आहेत. विंडोजवर वरचा मेनू दिसत नसेल तर ऑल्ट ही कळ दाबा. सुरुवातीलाच हेल्प → अबाउट उघडून आवृत्ती पाहून घ्या. २०२३ च्या ११५ या आवृत्तीत संपूर्ण रूप बदलले. २०२५ पासून दर महिन्याला येणारी ‘रिलीज’ आणि वर्षातून एकदाच मोठा बदल घेणारी ‘ईएसआर’ अशा दोन वाटा ठळकपणे वेगळ्या झाल्या. शेजारच्या टेबलावर दिसणारी सोय तुमच्याकडे नसेल, तर बहुतेक वेळा कारण एवढेच असते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरचे मेल ॲड-ऑनशिवाय (वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय) चालण्याची सोय नोव्हेंबर २०२५ च्या १४५ या आवृत्तीत आली. १४० ईएसआरवर ती नेहमीच्या सेटिंग्जमध्ये मिळणार नाही.

जडपणा: सर्वांत मोठी तक्रार

थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल साधारणपणे एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवतो. मेल डिलीट केला की त्यावर फक्त ‘काढला’ अशी खूण होते, मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो. त्यामुळे इनबॉक्समध्ये ४०० मेल दिसत असतात आणि डिस्कवरची फाइल मात्र काही जीबींची झालेली असते. उघडायला वेळ, शोधायला वेळ, अँटीव्हायरसला तपासायला वेळ, सगळे तिथूनच सुरू होते. यावरचा उपाय म्हणजे कॉम्पॅक्ट, म्हणजे काढलेला मजकूर फाइलमधून खरोखर वगळणे.

१. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फोल्डरचा डिस्कवरचा आकार पाहा.

२. डिस्कवर सर्वांत मोठ्या फोल्डरच्या आकाराएवढी तरी जागा मोकळी आहे ना, हे तपासा. कॉम्पॅक्ट करताना फाइल नव्याने लिहिली जाते आणि मगच जुनी जाते. जागा कमी पडली की काम अर्धवट राहते.

३. ट्रॅश आणि जंक रिकामे करा.

४. फाइल → कॉम्पॅक्ट फोल्डर्स. खालच्या पट्टीवरचा संदेश जाईपर्यंत थांबा. मोठ्या खात्याला वेळ लागतो, मध्येच प्रोग्रॅम बंद करू नका.

हे काम पावसाळ्यात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर करूच नका. जून-जुलैत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर फोल्डर बिघडू शकतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असू द्या. पुढचे काम आपोआप व्हावे म्हणून सेटिंग्ज → जनरलमध्ये ‘नेटवर्क अँड डिस्क स्पेस’ या भागात जा. किती जागा वाचणार असेल तर कॉम्पॅक्ट करायचे, तो आकडा तिथे असतो. मुळात तो २०० एमबी असतो. कार्यालयीन वापराला तेवढा ठीक आहे.

वीज गेल्यानंतर फोल्डर रिकामा दिसला, मेलच्या विषयाखाली भलताच मजकूर उघडला किंवा न वाचलेल्या मेलचा आकडा चुकीचा दिसू लागला, तर घाबरू नका. बहुतेक वेळा मेल शाबूत असतात, बिघडलेली असते ती सूची. फोल्डरवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → रिपेअर फोल्डर. सूची नव्याने बांधली जाते. शोधच नीट चालत नसेल तर मात्र तो वेगळा दोष आहे. शोधाचा साठा ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ या फाइलमध्ये असतो. थंडरबर्ड बंद करून ती प्रोफाइल फोल्डरमधून (जिथे तुमचे मेल आणि सेटिंग्ज साठतात) काढली की पुढच्या वेळी नव्याने तयार होऊ लागते. मेल खूप असतील तर त्या दिवशी संगणक सुरूच ठेवा.

प्रोफाइल फोल्डर सापडतो हेल्प → ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये. तो वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. प्रोग्रॅम लिहीत असतानाच सिंकने फाइल उचलली की बिघाड ठरलेला. बॅकअपसाठी टूल्स → एक्सपोर्ट आहे, पण २ जीबींच्या वरची प्रोफाइल त्यातून जात नाही. मोठ्या खात्यांसाठी थंडरबर्ड पूर्ण बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणे हाच भरवशाचा मार्ग.

जागा वाचवताना एक सापळा आहे, तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा असा. अकाउंट सेटिंग्ज → सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेजमध्ये खाली ‘इतक्या दिवसांपेक्षा जुने मेल काढा’ असा पर्याय असतो. तो फक्त या संगणकावरचे मेल काढत नाही, सर्व्हरवरचे मूळ मेलही काढतो. फक्त संगणक हलका करायचा असेल तर त्याच पानावर वर असलेला ‘अलीकडचे इतक्या दिवसांचेच मेल सिंक करा’ हा पर्याय वापरा. जीमेल असेल तर ॲडव्हान्स्ड बटणातून ‘ऑल मेल’ या फोल्डरची ऑफलाइन प्रत बंद करा, नाहीतर मेल दोनदा साठू शकतात.

‘कनेक्शन नाकारले’ असे सतत येत असेल तर

पाच-सहा संगणकांच्या कार्यालयात, स्वतःच्या डोमेनचे मेल एखाद्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक ग्राहकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) असतील, तर हा त्रास हमखास होतो आणि दोष दिला जातो ब्रॉडबँडला. थंडरबर्ड एका खात्यासाठी एका वेळी ५ पर्यंत कनेक्शन उघडी ठेवतो. सहा संगणक, प्रत्येकावर दोन खाती, म्हणजे बाहेरून एकाच आयपी पत्त्यावरून ६० कनेक्शन. होस्टिंगची मर्यादा त्याहून बरीच कमी असते. अकाउंट सेटिंग्ज → सर्व्हर सेटिंग्ज → ॲडव्हान्स्डमध्ये ५ चा आकडा २ करा. प्रत्येक संगणकावर, प्रत्येक खात्यासाठी.

मराठी आणि कोंकणी मेल वाचनीय करणे

सेटिंग्ज → जनरल → लँग्वेज अँड अपिअरन्समध्ये फाँटच्या शेजारी ॲडव्हान्स्ड बटण असते. तिथे वरच्या यादीत ‘लॅटिन’ निवडलेले असते आणि लोक तेच बदलून सोडून देतात. यादीतून देवनागरी निवडा आणि मग फाँट ठरवा. विंडोजवर निर्मला यूआय, लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी चांगले दिसतात. आकार लॅटिनपेक्षा एक-दोन अंकांनी मोठा ठेवा. बारीक आकारात रफार आणि अनुस्वार डोळ्यांना सापडत नाहीत, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात.

मेल चौकोनांत किंवा चित्रविचित्र चिन्हांत दिसला तर व्ह्यू → रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग करून पाहा. तरीही इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसत असेल तर तो मजकूर युनिकोड येण्याआधीच्या एखाद्या फाँटात टाइप केलेला आहे. थंडरबर्डची कोणतीही सेटिंग तो दुरुस्त करू शकत नाही. पाठवणाऱ्याकडून युनिकोडमध्ये मागवा, नाहीतर परिवर्तकातून काढा.

जोडपत्राची आठवण ही सोय मात्र मराठीत लिहिणाऱ्यांनी जरूर जुळवून घ्यावी. मेलमध्ये ‘अटॅच्ड’सारखा शब्द आला आणि फाइल जोडलेली नसली तर थंडरबर्ड विचारतो. पण त्याची शब्दयादी इंग्रजी आहे, ‘सोबत बिल पाठवत आहे’ हे त्याला कळत नाही. सेटिंग्ज → कंपोझिशन → अटॅचमेंट्समध्ये ‘कीवर्ड्स’ उघडा आणि एकेक शब्द घाला: सोबत, सोबतची, जोडले, जोडली, जोडला, जोडत, जोडपत्र. मूळ शब्द दिला की त्याची रूपे आपोआप ओळखली जातील असे धरू नका, म्हणून प्रत्येक रूप वेगळे घाला. कोंकणीत लिहीत असाल तर ‘जोडलां’, ‘वांगडा’ हेही घाला. मग फाइल न जोडता स्वतःलाच एक मेल लिहून बघा.

जोडपत्र जात नाही तेव्हा

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण २४ एमबींची फाइल परत येते. कारण मेलमधून जाताना फाइल अक्षरांत बदलली जाते आणि तिचा आकार एक तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो. म्हणून हिशेब १८ एमबींचा धरा. मोबाइलवर काढलेले ५ एमबींचे चार फोटो एका मेलमध्ये मावत नाहीत ते याचमुळे.

गेस्ट हाऊसवाल्यांसाठी याच्याशी जोडलेली एक गोष्ट. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती मेलवर येतात. टूल्स → मेसेज फिल्टर्समध्ये नियम करून त्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि काम झाल्यावर तो फोल्डर रिकामा करत जा. दुसऱ्याचे पासपोर्ट वर्षानुवर्षे इनबॉक्समध्ये पडू देऊ नयेत. रिकामा केल्यावर कॉम्पॅक्टही करा. वर सांगितल्याप्रमाणे, तोवर मजकूर फाइलमध्ये शिल्लकच असतो. असे नियम एकाच खात्याच्या दोन संगणकांवर लावू नका. दोन्ही संगणक तोच मेल हलवायला धावतात आणि प्रती दुप्पट होतात.

ज्या मागण्या आडमार्गाने भागतात

पाठवलेला मेल मागे घेण्याची सोय नाही. त्याऐवजी कंट्रोल + शिफ्ट + एंटर दाबले की मेल आउटबॉक्समध्ये थांबतो, आणि फाइल → सेंड अनसेंट मेसेजेस केल्यावर जातो. कोटेशन, कर-विवरण, बँकेचे कागद हे सगळे याच वाटेने पाठवण्याची सवय लावावी. ठरावीक वेळी पाठवायचे असेल तर ‘सेंड लेटर’ हे ॲड-ऑन आहे, पण त्या वेळी संगणक आणि थंडरबर्ड दोन्ही सुरू हवेत.

‘हा मेल सोमवारी पुन्हा दाखव’ हेही नाही. मेलवर राइट क्लिक करून कन्व्हर्ट टू → टास्क केले की तारीख आणि आठवण लावता येते.

सगळ्या खात्यांचा एकच इनबॉक्स हवा असेल तर फोल्डर मोड्समध्ये ‘युनिफाइड फोल्डर्स’. नवीन मेल वर हवे असतील तर तारखेच्या शीर्षकावर क्लिक. सर्व फोल्डरना एकदम लावायची सोय १४० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत अपिअरन्सच्या सेटिंग्जमध्ये आहे. तेच तेच बुकिंगचे उत्तर लिहावे लागत असेल तर ते एकदा लिहून सेव्ह ॲज → टेम्प्लेट.

उरलेली मागणी कशी नोंदवावी

आधी हेल्प → ट्रबलशूट मोडमध्ये (ॲड-ऑन बंद ठेवून) उघडून पाहा. तिथे त्रास गेला तर दोष बहुधा ॲड-ऑनचा आहे आणि मागणी त्याच्या निर्मात्याकडे जायला हवी. त्रास राहिला तर दोन जागा आहेत: चालणारी गोष्ट मोडली असेल तर बगझिला (दोष नोंदवण्याची वेबसाइट), नवी सोय हवी असेल तर मोझिला कनेक्ट (कल्पना मांडण्याची वेबसाइट). जागा चुकली की मागणी पडून राहते.

आधी शोधा. तीच मागणी कुणी केलेली असेल तर नवी नोंद करण्याऐवजी तिला पाठिंबा द्या आणि खाली आपला वापर लिहा. विखुरलेल्या दहा नोंदींपेक्षा दहा जणांची एक नोंद वजनदार ठरते. एका नोंदीत एकच मागणी. ‘थंडरबर्ड सुधारा’ हे शीर्षक कुणीच उघडत नाही. ‘जोडपत्राच्या आठवणीसाठी मराठी शब्दयादी मुळातच असावी’ हे शीर्षक त्या कामाच्या माणसापर्यंत पोचते.

बगझिलावर इंग्रजीत लिहावे लागते. छोटी वाक्ये पुरतात: आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स, खाते आयमॅप (मेल सर्व्हरवर राहतो) की पॉप (मेल संगणकावर उतरतो), कोणत्या पायऱ्या केल्या, काय झाले, काय व्हायला हवे होते. देवनागरीचा दोष असेल तर नेमका शब्द मजकूर म्हणून चिकटवा, नुसते चित्र देऊ नका. तपासणाऱ्याला तो कॉपी करून आपल्या संगणकावर दोष उभा करता आला पाहिजे. स्क्रीनशॉट दिलाच तर ग्राहकांची नावे, मेल पत्ते आणि फोन क्रमांक आधी झाका, कारण नोंद सर्वांना दिसते.

पुढची आवृत्ती आधीच पाहायची असेल तर बीटा (चाचणीची आवृत्ती) वेगळ्या प्रोफाइलवर चालवा. कामाची प्रोफाइल एकदा बीटात उघडली की जुना थंडरबर्ड ती परत उघडायला नकार देतो.