स्टीलच्या डब्यातला हिरवा उजेड

रुथेनियम-इरिडियम या महागड्या धातूंचे उत्प्रेरक परवडत नाहीत म्हणून मुलं प्रकाशरसायन, म्हणजे उजेडावर चालणाऱ्या अभिक्रिया, सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्याऐवजी इओसिन वाय हे रंगद्रव्य घ्या की! पॅथॉलॉजीवाले पेशी रंगवायला वापरतात तेच. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात १८९० पासून रंगाई शिकवत. माझे पणजोबा तिथलेच. रंगाचं वेड घरातलंच म्हणायचं.

सुरुवातीला ऑक्सिडेटिव्ह आझा-हेन्री अभिक्रिया करा, म्हणजे अमाइनला नायट्रोमिथेन जोडा. बुर्खार्ड क्योनिग यांच्या गटाने २०११ मध्ये ती इओसिनवर करून दाखवली. एन-फिनाइल टेट्राहायड्रोआयसोक्विनोलिन (हेच आपलं अमाइन) १०५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिमोल. इओसिनचं डायसोडियम सॉल्ट ७ मिलिग्रॅम, म्हणजे अमाइनच्या २ मोल टक्के. नायट्रोमिथेन २ मिली. नायट्रोमिथेनजवळ ज्योत नको, त्यात तीव्र अल्कली तर मुळीच नको. कुपीला सेप्टम (रबरी बूच) लावून सुई खुपसून ठेवा, हवा लागतेच. उजेडाने चेतलेलं इओसिन अमाइनचा इलेक्ट्रॉन ओढतं, हवेतला ऑक्सिजन इओसिनला पुन्हा कामाला लावतो, आणि अमाइनपासून तयार झालेल्या इमिनियम या धनभारित आयनावर नायट्रोमिथेन येऊन बसतं.

उजेडाचं मात्र नीट बघा. इओसिन ५२० ते ५४० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, म्हणून एलईडीची पट्टी हिरवीच हवी. मी पहिल्यांदा घरात होती ती निळी पट्टी लावली आणि अभिक्रिया इतकी रेंगाळली की रसायनालाच दोष देत बसले. आता रावपुऱ्यातून आणलेली बारा व्होल्टची हिरवी पट्टी पाच लिटरच्या स्टीलच्या डब्यात आतून गोल चिकटवते. चकचकीत स्टील उजेड आतच फिरवतं. मधोमध पाण्याचा बीकर, त्यात कुप्या, खाली चुंबकी स्टरर. मे महिन्यात आपल्याकडे पंखा नुसती गरम हवा फिरवतो, म्हणून पाणी दर तासाला बदलते.

एकच कुपी कधीही लावू नका. तीन लावा: एक पूर्ण, एक अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली, एक इओसिनशिवाय. इओसिन नसलेल्या कुपीतही टीएलसीवर (पातळ थराच्या वर्णलेखनपट्टीवर) मालाचा फिकट ठिपका दिसेल. घाबरू नका, हे अमाइन उजेडात थोडंफार आपणहूनही बदलतं. पण ती कुपी लावली नाहीत तर किती काम इओसिनचं, हे सांगणार कसं? फॉइलमधल्या कुपीला उजेड नाही, तरी तिच्यात बराच माल दिसला, तर आधी पाण्याचं तापमान बघा.

रंगावरही नजर असू द्या. लाल-केशरी रंग उडत चालला तर इओसिन मरतंय. आम्ल मिसळलं असेल तरी ते फिकं पडतं आणि काम थांबवतं.

नायट्रोमिथेन कमी दाबावर, मंद उष्णतेत उडवा आणि सिलिकाच्या स्तंभावर हेक्झेन-एथिल अॅसिटेटने उतरवा. गुलाबी पट्टा वरच अडकून राहील, माल खाली येईल. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या आलेखात) मूळ अमाइनचा ४.४ पीपीएमजवळचा सिंगलेट (एकेरी शिखर) गेला आणि मालाचा ५.५ जवळ ट्रिपलेट (तिहेरी शिखर) आला, की झालं.